फुटाला एक इंच

काच आडवी ठेवायची नसते आणि अगदी सरळ उभीही ठेवायची नसते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर काचेशी माझा संबंध नाकावरच्या चष्म्यापुरता होता. मी विम्याच्या कचेरीत नोकरीला असल्यामुळे मोडतोड या विषयातला मी तज्ज्ञ आहे, असा माझ्या सासरवाडीचा मात्र पक्का समज होता.

माझे मेव्हणे तात्या यांचं कराडला काचेचं दुकान होतं. शेजारच्या ओगलेवाडीनं प्रभाकर कंदिलाच्या उजेडात कित्येक पोरांना अभ्यासाला बसवलं. तात्यांचा धंदा त्या मानानं साधा. खिडक्या, तसबिरी आणि पानपट्टीवाल्यांचे आरसे. १९८४ च्या मे महिन्यात त्यांनी मोठी जागा घेतली आणि मला पत्र धाडलं, "दाजी, घोडी घ्यायची आहे. रजा टाकून या."

"तात्या घोडी घेतोय?" आमची ही म्हणाली, "या वयात?"

काचेची घोडी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी दोन्हीकडून उतरती चौकट. तिच्या दोन्ही कुशींना काचा टेकून ठेवायच्या. मी पोचलो तेव्हा घोडीवरून घरात दोन तट पडलेले होते. सासरे लाकडाच्या बाजूचे. "लोखंड हे काचेचं वैरी," असं ते अडकित्ता वाजवून सांगत. तात्यांचा ओढा लोखंडाकडे, कारण लोहार उधारीवर काम करायला तयार होता. या वादात खरा अधिकार एकाच माणसाचा होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणजे दुकानात तीस वर्षं काच कापणारे चाचा.

मी विचारलं. चाचांनी कानावरची विडी काढली आणि मला तासभर शिकवलं.

"साहेब, लोखंड घ्या नाहीतर चंदन घ्या. काचेला त्याचा हात लागता कामा नये. मधे रबर पायजे, नायतर नमदा. आणि काच झोपवायची नाही. झोपवली की खाली एक वाळूचा खडा पुरतो. वरचं सगळं वजन त्या खड्यावर येतं, अन् सकाळी बघावं तर तडा."

"मग उभी ठेवावी."

"सरळ उभी ठेवली तर ती कुणीकडे पडंल ते तिलाबी ठाऊक नसतं. तिला टेकू द्यायचा. फुटाला एक इंच."

म्हणजे सहा फूट उंचीच्या काचेची पाठ वरच्या टोकाला सहा इंच मागे कललेली हवी. मी मनात हिशेब केला, तो साधारण पाच अंश निघाला. शिवाय खालची फळी पाठीशी काटकोनात हवी, म्हणजे तीही तेवढीच कलती. नाहीतर काच आपल्या सगळ्या जाडीवर न बसता एका धारेवर उभी राहते आणि तिथे तिचा टवका उडतो. सासरवाडीला गेलेल्या जावयानं कसं बसावं याचंही याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. फार ताठ बसू नये, फार रेलू नये.

पावसाळ्याचा धडा वेगळा. खिडकीची काच चार महिने भिजते आणि तिला काही होत नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण गठ्ठ्यातल्या दोन काचांच्या फटीत ओल शिरली की ती वाळत नाही. काचेतला सोडा हळूहळू त्या पाण्यात उतरतो, तो क्षार काचेलाच खातो आणि पांढुरके डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. म्हणून घोडी ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवायची आणि दोन काचांमध्ये कोरडा कागद घालायचा. तात्या त्यासाठी वर्तमानपत्र वापरत. अग्रलेखांनी काही तरी धोका टळल्याचं तेवढं एक उदाहरण मला ठाऊक आहे.

टेम्पोतल्या घोडीचेही कायदे ठरलेले. काचा गाडीच्या लांबीला समांतर लावायच्या, म्हणजे ब्रेक मारला की हिसका काचेच्या पानाला न बसता तिच्या धारेच्या दिशेनं जातो. दोन्ही कुशींवर सारखं वजन चढवायचं आणि उतरवतानाही एकदा इकडची, एकदा तिकडची. एकच बाजू रिकामी केली तर घोडी दुसऱ्या अंगावर कलंडते. दोर असा आवळायचा की काच काचेवर खुळखुळणार नाही. कोपऱ्यावर गोणपाट. "खुळखुळते ती फुटते," चाचा म्हणाले. मला आमच्या कचेरीतले दोघेतिघे आठवले.

आता उरला खरा प्रश्न. घोडीवर एकापुढे एक वीसवीस काचा उभ्या राहतात, आणि गिऱ्हाइकाला हवी ती नेमकी अकरावी असते. अशा वेळी दुकानातला पोऱ्या पुढच्या दहा काचा पुस्तकाच्या पानांसारख्या आपल्याकडे कलत्या करून छातीवर धरायचा आणि तात्या मागून अकरावी ओढायचे. दहा वर्षं हे असंच चाललं होतं. पोऱ्या दर दोन वर्षांनी बदलायचा, पद्धत बदलली नव्हती.

तात्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत तो घोडीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखा घरात पडून असायचा. त्याला मी म्हटलं, जरा हिशेब कर. एक चौरस मीटर काच मिलिमीटरभर जाड असेल तर तिचं वजन अडीच किलो. म्हणजे सहा फूट बाय चार फुटांची चार मिलिमीटरची काच बावीस किलोंची, आणि दहा काचा सव्वादोनशे किलोंच्या. लांब बाजूवर उभ्या केल्या की त्यांची वरची धार पोऱ्याच्या छातीशी येते. पाच अंश पुढे कलल्या तर त्याच्यावर भार येतो दहा-अकरा किलोंचा. दहा अंशांना वीस. वीस अंशांना चाळीस. पोऱ्याचं स्वतःचं वजन पंचेचाळीस किलो, तेही जेवणानंतर.

भाच्यानं कागद तात्यांपुढे ठेवला. त्याच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाची ती पहिली पावती होती.

"मग एकेक काचेला वेगळा खण केला पाहिजे," मी म्हणालो.

"दाजी, खणांच्या रॅकला तिप्पट पैसे आणि दुप्पट जागा लागते," तात्या म्हणाले. "आजवर काही झालंय का?"

यावर चाचांनी नुसती डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी रेघ होती. "पडती काच धरली होती," ते म्हणाले. "तुमचे वडील ओरडले, सोड. मी म्हटलं, मालकाचं नुकसान होईल." मग बाही खाली करून ते कामाला लागले.

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला होता.

तोडही चाचांनीच काढली. पूर्ण मापाच्या काचांसाठी घोड्या, पण एका कुशीवर एकाच जातीची, एकाच जाडीची, एकाच मापाची काच. मग अकरावी ओढायची वेळच येत नाही, पहिलीच काढायची. सुटे तुकडे, आरसे आणि रंगीत काचा यांच्यासाठी भिंतीला बोल्टनं आवळलेला खणांचा एकच रॅक. खर्च तिप्पट झाला नाही, दीडपट झाला. सासऱ्यांचा मान राखायला खाली लाकूड, तात्यांच्या उधारीसाठी वर लोखंड, आणि दोन्हींच्या अंगावर रबराच्या पट्ट्या. भिंतीवर चाचांनी गेरूनं एक सूचना लिहून घेतली : काच पडली तर पडू द्यावी.

दिवाळीला तात्यांचं पत्र आलं. धंदा बरा होता. तक्रार एकच होती. "पोऱ्याला हल्ली कामच उरलं नाही. दिवसभर शीळ घालतो. पगार मात्र तोच."

मी उलट टपाली कळवलं, शिळेचे दोन रुपये वाढवा.