कालव्याच्या कडेने

आमच्या पोशीरहून राजनाल्याच्या कालव्यावर जायचं तर गाडी लागते. हल्ली पहाटे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी मला स्कूटीवर मागे बसवून नेते. पोलीस भरतीची तयारी चालू आहे तिची. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. ती पळते, मी घड्याळ धरतो. सत्तरीनंतर एवढंच जमतं!

भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातलं (१९२२ सालचं आहे ते) पाणी या कालव्यात येतं, त्यावर उन्हाळी भात होतो. कडेची वाट सपाट, म्हणून वेळ मोजायला बरी. दम वाढवायला रविवारी आंबिवलीहून पेठेचा चढ. कोथळीगडाखालचा तो चढ पळत चढणं म्हणजे... असो. मी खाली चहा पीत बसतो.

तिची आई सातवीत असताना वर्गात सगळ्यांत वेगानं पळायची. तालुक्याच्या स्पर्धेला पाठवायची वेळ आली तेव्हा मीच म्हणालो होतो, "पळून काय मिळणार? गणित कच्चं आहे, ते बघ." ती गेली नाही. गणितही काही सुधारलं नाही, खरं सांगायचं तर.

परवा आई पहिल्यांदाच कालव्यावर आली. लेक पळायला उभी राहिली तसा तिनं हात पुढे केला. "द्या गुरुजी, घड्याळ मी धरते."

दिलं. किती वेळ लागला ते तिनं लेकीला सांगितलं, मला नाही. मीही विचारलं नाही.