एमएसचं प्रशिक्षण नंदेसरीत कशाला?

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, प्रशिक्षण बडोद्याजवळच्या नंदेसरीत कशाला, असंच मला वाटायचं. इथल्या कारखान्याच्या आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून माझ्यासमोर येतात ते अ‍ॅसिडनं भाजलेले हात, गॅसनं चुरचुरणारे डोळे, उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलेले कंत्राटी कामगार. एमएस म्हणजे न्यूरॉलॉजिस्टचं आणि एमआरआयचं काम. त्यात आपण काय करणार?

मत बदललं ते प्लँटवरच्या एका ऑपरेटरमुळे. निदान झालेलं, औषधं चालू. सकाळी बडोद्याहून आलेल्या बसमधून उतरताना ठणठणीत; दुपारी रिअ‍ॅक्टरजवळ उभा राहिला की पाय जड, नजर धूसर. संध्याकाळी पुन्हा बरा. ‘काम आलं की याला आजार आठवतो,’ असं शिफ्टमध्ये उघड बोलायचे. त्याच्या उजव्या सेफ्टी शूचं फक्त टोक घासलेलं होतं, कारण पाऊल पुरतं उचललंच जात नव्हतं. नाटक करून बूट असा झिजत नाही.

त्या दुपारचं कोडं प्रशिक्षणात सुटलं. एमएसमध्ये प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश आधीच अडखळत जातात. अंग थोडं तापलं तरी ते अडतात आणि गारव्यात पुन्हा सुरू होतात. श्रमानंतर नजर तात्पुरती धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथहॉफनं १८९० मध्येच नोंदवलंय. यात नवी इजा नसते, पण त्रास खरा असतो. लक्षणं वाढली तर आधी ताप आणि लघवीचा संसर्ग तपासायचा. तसं काही नसताना नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर नवा झटका समजून न्यूरॉलॉजिस्टला लगेच कळवायचं. यातलं बरंचसं थर्मामीटरचं आणि पंख्याचं काम, म्हणजे माझंच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. पण शिफ्ट लावणाऱ्या सुपरवायझरला ते कुणी सांगितलेलं नसतं. दमलेल्या रुग्णाला बरं वाटावं म्हणून कढत पाण्यानं आंघोळ घालणाऱ्या आयाबाईलाही उष्णतेनं त्रास वाढतो हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून डॉक्टर-नर्सच्या जोडीनं ही दोघंही वर्गात हवीत, आणि वर्ग गुजराती-हिंदीत हवा.

एका बाबतीत माझं मत अजून बदललेलं नाही: नुसता दिवस साजरा करण्याला माझा विरोधच आहे. ३० मे, जागतिक एमएस दिनाचा फलक लागेपर्यंत आमच्याकडचा उन्हाळा बहुतेक सरलेला असतो. प्रशिक्षण फेब्रुवारीत घ्या.