गार गार

एका मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. हैदराबादचा पारा चाळिशीच्या घरात होता. दोन वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही घरची सर्व मंडळी गौलीगुड्याहून कोठी, हिमायतनगरमार्गे इंदिरा पार्कजवळच्या स्नो वर्ल्डला गेलो. छताखालचे हे बर्फाचे उद्यान २००४ साली सुरू झाले. आत यंत्राने पाडलेला बर्फ आणि तापमान शून्याच्या खाली! जाड कोट, हातमोजे, बूट चढवूनच आत शिरलो.

नातीने हातमोजा ओढून काढला, बर्फाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. तिथला कामगार हसून म्हणाला, "ठंडा है ना?" शेजारच्या तेलुगू बाई म्हणाल्या, "चल्लगा उंदी." सूनबाई म्हणाल्या, "कोल्ड, कोल्ड!" आजीने मात्र तिची बोटे आपल्या मुठीत धरून ऊब दिली आणि म्हटले, "गार गार!" नात सगळ्यांकडे बघत राहिली. मग पुन्हा बर्फाला हात लावून म्हणाली, "गाल गाल!"

आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. मराठी मिळाली ती आईच्या स्वयंपाकघरात. हैदराबादेत विवेक वर्धिनीची स्थापना होऊन, म्हणजे १९०७ पासून, शंभराहून अधिक वर्षे झाली. शाळा मुलांना लिहायला-वाचायला शिकवते. पण पहिला शब्द घरातच मिळतो.

पालकहो, सुट्टीत मुलांना कुठेही न्या. त्यांच्या हाताला जे लागेल, त्याचे नाव मराठीतून जरूर सांगा. बाकीच्या भाषा या शहरात ती आपोआप शिकतील.