दोन रिपोर्ट, दोन आकडे: केरॅटोकोनस खरंच वाढलाय का?

गेल्या वर्षी कोथरूडचे एक गृहस्थ दोन रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. त्याला केरॅटोकोनस आहे, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार. पाच महिन्यांपूर्वी सर्वाधिक वक्रता ५१.२ डायॉप्टर होती, आता ५२.६. "डॉक्टर, वाढलं ना?"

मी फिजिशियन, नेत्रतज्ज्ञ नाही. तरी बोलून गेलो, "हो, वाढलंय. क्रॉस-लिंकिंग करून घ्या."

मी घाई केली. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या मशीनवर झाल्या होत्या. शिवाय दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सकाळपर्यंत मुलाच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होती आणि लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. त्याच्या नेत्रतज्ज्ञांनी लेन्स बंद ठेवून पहिल्याच मशीनवर तीनदा मोजलं. वाढ नव्हतीच!

निरोगी कॉर्निया गुळगुळीत असतो, म्हणून पुन्हा मोजलं तरी आकडे जुळतात. केरॅटोकोनसमध्ये पृष्ठभाग उंचसखल असतो, अश्रूंचा थर नीट पसरत नाही, नजर एका जागी ठरत नाही. त्यामुळे आकडा हलतो, आणि आजार जितका पुढचा तितका जास्त हलतो. साधारण १ डायॉप्टरची वाढ म्हणजे आजार वाढल्याची खूण मानतात, पण पुढच्या टप्प्यात एवढा फरक नुसत्या मोजणीतूनही येऊ शकतो.

एका डायॉप्टरने किती फरक पडतो पाहा. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या ३० वर्षांवरील लोकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ४८ डायॉप्टर ही सीमा धरली तर केरॅटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के, आणि ४९ धरली तर फक्त ०.६ टक्के. लोक तेच, डोळे तेच!

म्हणून तपासणीला जाताना:

• शक्यतो दर वेळी त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर करा.
• लेन्स किती दिवस आधी बंद करायची ते नेत्रतज्ज्ञांना विचारा. कडक लेन्सला जास्त दिवस लागतात.
• एकापेक्षा जास्त वेळा मोजायची विनंती करा.
• जुने रंगीत नकाशे जपून ठेवा, नुसता आकडा नको.
• डोळे चोळू नका. त्याने आजारच वाढतो.

पण "मशीनचं काय खरं!" म्हणून तपासणी टाळू नका. कोवळ्या वयात हा आजार झपाट्याने वाढू शकतो, आणि क्रॉस-लिंकिंग बहुतेकांत तो थांबवतं, गेलेला आकार पूर्ववत करत नाही. याच मुलाच्या उजव्या डोळ्यात सहा महिन्यांनी, त्याच मशीनवर, वक्रता वाढलेली दिसली. जाडी कमी झाली होती आणि चष्म्याचा नंबरही बदलला होता. तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या. त्या डोळ्याचं क्रॉस-लिंकिंग झालं.

एकदा बीपी जास्त दिसलं म्हणून मी तुम्हाला लगेच जन्मभराची गोळी देत नाही, पुन्हा मोजतो. डोळ्यांच्या रिपोर्टलाही तोच न्याय लावा, पण पुढची तारीख चुकवू नका.