कॅरिबूच्या शिकारीची जागा

शिकार म्हटली की आमच्यासारख्या वरणभातावर वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मचाण, हाकारे आणि बंदूक टेकून उभा असलेला एखादा संस्थानिक येतो. अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्कात मात्र शिकार ही कित्येक घरांच्या वर्षाच्या बेगमीची बाब आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया घालून धान्य भरून ठेवतात, त्याच हिशेबाने तेथील गृहस्थ हिवाळ्यापूर्वी मांस साठवतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा विषय रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. परंतु त्यात आहारापलीकडचाही एक विचार आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फेअरबँक्स येथे असतात. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. आमची हयात मोजणीखात्यात गेली, हे कळताच शेजारचे एक गृहस्थ नकाशांची गुंडाळी घेऊन आले. त्यांना कॅरिबूच्या शिकारीची जागा ठरवायची होती. बरोबर त्यांचे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील जाणार होते. त्यांचे गुडघे थकले होते आणि ही शिकार बहुधा अखेरची, असे घरात सारेच धरून चालले होते.

कॅरिबू म्हणजे रानटी रेनडिअर. याच्या मादीलाही शिंगे असतात. हा प्राणी एका जागी राहत नाही. वसंतात विण्यासाठी आणि शरदात हिवाळी कुरणांसाठी त्याचे कळप शेकडो मैल चालतात. म्हणून ‘कोठे आहेत?’ यापेक्षा ‘अमुक दिवशी कोठून जातील?’ हाच खरा प्रश्न. त्याला नक्की उत्तर नसते. वारा, बर्फ, डास यांपैकी कशानेही वाट बदलते.

शेजाऱ्यांचे मन वायव्येकडील नोआटाक व कोबुक नद्यांच्या खोऱ्यांवर होते. तेथे पश्चिम आर्क्टिक कळप उतरतो. चिमुकल्या विमानाने नदीकाठच्या वाळूत उतरायचे आणि तंबू ठोकायचा. विमानातून उतरलेल्या दिवशी शिकार करण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा एक रात्र तरी थांबायचे. परंतु त्या खोऱ्यांवर इनुपियाट लोकांचा हक्क फार जुना. कोबुककाठच्या ऑनियन पोर्टेज येथे सुमारे 9,000 वर्षांपासून माणसे कॅरिबूच्या उताराची वाट पाहत आली आहेत. पुढची टोळी निर्वेध जाऊ द्यावी, म्हणजे मागची तिच्या मागोमाग येते, अशी तेथील वृद्धांची शिकवण आहे. वरून विमाने घिरट्या घालू लागली तर ती पाळायची कशी? शिवाय हा कळप 2003 साली 4,90,000 होता. 2023 च्या मोजणीत 1,52,000 भरला.

दुसरी जागा डाल्टन महामार्गाची. येथे मोटार जाते. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांस पाच-पाच मैल केवळ धनुष्यबाणाची मुभा आहे. बंदूक चालवायची तर पाच मैल चालावे लागते. जमीन खाली बारमाही गोठलेली असल्यामुळे पाणी मुरत नाही. वर गवताचे डळमळते गड्डे. पाऊल ठेवले की घोटा मुरगळतो.

आम्ही नकाशावर अंतरे मोजण्यात गुंग असता आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. थोडे ऐकून म्हणाल्या, “अहो, चारशे मैलांवरची जनावरे मोजता आहात, ओझे घरी कोण आणणार?” आम्ही हे भाषांतर करून सांगितले, तेव्हा आजोबा प्रथमच हसले.

प्रश्न बिनतोड होता. मोठा नर 160 ते 180 किलो वजनाचा. हाडे काढली तरी तीनचार खेपांचे ओझे. तेथील कायदा असा की, खाण्याजोगे मांस रानात टाकता येत नाही. मान, बरगड्यांवरचेसुद्धा आणावे लागते, आणि सारे मांस निघेपर्यंत शिंगे हलवायची नाहीत. ताटात टाकू नये, हे आम्हांला मुंजीपूर्वीच शिकवले होते. तोच नियम आर्क्टिक वर्तुळापाशी सरकारी पुस्तिकेत वाचून मौज वाटली.

अखेरीस स्टीस महामार्ग ठरला. फेअरबँक्सपासून 80 ते 110 मैलांच्या दरम्यान तो झाडी मागे टाकून उघड्या डोंगरमाथ्यांवर येतो. तेथून फोर्टीमाइल कळप जातो. हा कळप 1970 च्या दशकात साडेसहा हजारांवर आला होता. 2017 पर्यंत तो 84,000 च्या आसपास वाढला आणि पुढे पुन्हा निम्म्याच्या घरात घसरला. म्हणून येथे संख्या ठरवून दिलेली असते. ती भरली की शिकार तातडीने बंद होते. गर्दीही फार. तरीही आजोबांना येथे बसता आले असते. समोच्चरेषा पाहून आम्ही रस्त्याच्या वरच्या अंगाची एक सोंड सुचवली: जाताना रिकाम्या पाठीने चढ, येताना ओझ्यासह उतार, अंतर मैलभर.

आम्ही अर्थातच गेलो नाही. पुढचे शेजाऱ्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी उत्तम शिंगांचा एक नर दिसला, पण तो खालच्या घळीपलीकडे. मुलाने बंदूक उचलली. आजोबांनी घळीकडे पाहिले, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी सोंडेवरच लहानसा नर मिळाला. त्याचे मांस चार खेपांत खाली आले. शेवटची, सर्वांत हलकी खेप आजोबांनी हट्टाने स्वतः आणली.

आम्ही आजही मांस खात नाही आणि शिकारीचे समर्थन करावे, असा आमचा हेतूही नाही. पण घर बांधताना, सोयरीक जुळवताना, मुलाला परदेशी धाडताना आपण मिळेल काय तेवढेच पाहतो. निभेल किती आणि आपल्याआधी तेथे हक्क कोणाचा, हे विचारणारे घरात एखादेच असते. त्याचे बोलणे ऐकून घ्यावे.