तारेच्या पलीकडे कोण बसले आहे?

आमची थोरली मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनीत पडलो. नकाशातले आम्हाला कळते ते एवढेच, की दार कुठे आणि मोरी कुठे. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "पप्पा, प्रोजेक्टसाठी आपल्या वस्तीतल्या लोकांशी घराविषयी बोलायचं आहे. पण फॉर्म नको. मोबाईलवर प्रश्न येतील आणि लोक बोलतील तसं पडद्यावरचं घर बदलत जाईल. खिडकी म्हटलं की खिडकी, ओटा म्हटलं की ओटा."

आम्हाला हसू आले. वस्तीत फॉर्म भरण्यात आमची वीस वर्षे गेली. घरात दोन कुटुंबे असली तरी लोक एक सांगतात, पोटभाडेकरू असला तर त्याला पाहुणा म्हणतात. यात लबाडी नसते, भीती असते. वही घेऊन बसलेला माणूस उद्या काय करील याचा भरवसा कोणी द्यावा? आम्ही त्यांच्यातलेच, तरी आमच्याही वहीची भीती वाटते. मग मोबाईलशी कोण खरे बोलणार?

तेव्हा मुलीने आम्हाला एक जुनी हकीकत सांगितली. ती ऐकल्यापासून आमच्या डोक्यातून जात नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत बोस्टनजवळ एमआयटी ही नामांकित संस्था आहे. तिथेच आर्किटेक्चर शिकलेल्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी १९६७ साली 'आर्किटेक्चर मशीन ग्रुप' नावाचा गट सुरू केला. घर बांधताना संगणकाने राहणाऱ्याशी बोलावे, त्याच्या गरजा ओळखाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. खोलीएवढ्या संगणकांचा तो काळ.

त्यांच्या कामातला एक प्रयोग बोस्टनच्या साउथ एंड भागातल्या गरीब वस्तीत झाला. टेलिफोनच्या तारेला जोडलेले टाइपरायटरसारखे यंत्र तिथे नेले. वस्तीतल्या तीन रहिवाशांना सांगितले, हा संगणक आहे, तुमच्या भागाविषयी याच्याशी बोला. तिघेही बिनधास्त टाइप करू लागले. पिळवणूक करणारे घरमालक, वस्तीतून जाणारे रस्ते, मुलांच्या शाळा, सारे मोकळेपणी आले. गोऱ्या अधिकाऱ्यापुढे किंवा पुढाऱ्यापुढे जे ओठांवर आले नसते, ते यंत्रापुढे आले. कारण यंत्र काळे नव्हते, गोरेही नव्हते.

हे ऐकताना आम्हाला आमचे दिवस आठवले. लग्नानंतर भाड्याची खोली शोधत होतो. एका ठिकाणी खोली पसंत पडली, डिपॉझिटही ठरले. निघताना मालकाने सहज विचारले, "आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोली पुतण्याला दिली. पुढे दोन महिने ती खोली रिकामीच होती. आम्ही मुलीला म्हणालो, "बरोबर आहे त्या तिघांचं. यंत्र आडनाव विचारत नाही."

ती म्हणाली, "पप्पा, पुढचं ऐका. तारेच्या पलीकडे यंत्र नव्हतंच. माणूस बसला होता."

त्या तिघांना हे ठाऊक नव्हते. नेग्रोपाँटे यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ते स्वतःच लिहून ठेवले आहे. लपवले नाही, एवढे खरे. पण ज्यांनी विश्वासाने मन उघडे केले त्यांना कोणी विचारले होते का? आम्हाला राग आला, आणि तो राग रास्त आहे असे अजूनही वाटते.

त्याच वर्षी या गटाने न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये काचेची एक पेटी मांडली. आत शेकडो छोटे ठोकळे आणि जर्बिल नावाचे उंदरासारखे प्राणी. ते ठोकळे हलवीत आणि वरचा यंत्रहात त्यांची मर्जी ओळखून रचना करू पाही. त्या मुक्या जिवांना काय हवे होते हे त्यांनाच ठाऊक. ज्यांनी ट्रान्झिट कॅम्पमध्ये वर्षे काढली, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

पण गोष्ट इथे संपत नाही. तो गट पुढे १९८५ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये सामील झाला. त्याच लॅबमध्ये जॉय बुओलामविनी ही काळी विद्यार्थिनी शिकायला आली. तिने एक आरसा तयार केला. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुसरे चित्र उमटावे अशी त्याची रचना. पण चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीला तिचा चेहराच दिसेना. तिने पांढरा मुखवटा घातला, तेव्हा कुठे दिसला! २०१८ साली तिने टिमनिट गेब्रू यांच्यासोबत तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगताना काळ्या स्त्रियांच्या बाबतीत शेकडा ३४.७ पर्यंत चुका निघाल्या, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ०.८ पेक्षा जास्त नाहीत. यंत्राला जात नाही, रंग नाही हे खरे. पण त्याला शिकवणाऱ्यांनी कोणाचे चेहरे दाखवले, त्यावर त्याची नजर ठरते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अटलांटिक प्लाझा टॉवर्स या सातशेहून जास्त घरांच्या वसाहतीत दाराशी चेहरा ओळखणारे यंत्र बसवायचे घरमालकाने ठरवले. भाडेकरूंत बहुसंख्य काळे. २०१९ साली शंभराहून जास्त भाडेकरूंनी सरकारदरबारी हरकत नोंदवली. जॉय त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्याच वर्षी मालकाने बेत सोडला. एका विद्यार्थिनीचा अभ्यास सामान्य भाडेकरूंच्या कामी आला.

हे सारे ऐकून आम्ही मुलीला एकच सांगितले, "तुझ्या पडद्यावर पहिलं वाक्य असं टाक, की विचारणारी कोण आणि उत्तरं कुठे जाणार." तिने तसे केले. मग आमच्या शेजारच्या आक्कांकडे गेलो. आक्कांनी मोबाईलकडे संशयाने पाहिले. "ह्यात कोण ऐकतंय गं?"

"मीच ऐकतेय आक्का. तुमचं नाव कुठे जाणार नाही."

आक्का बोलू लागल्या. मोठी खोली त्यांनी मागितलीच नाही. भाजी निवडत बसता येईल असा उंबरठा मागितला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आन् संडासची वाट उजेडाची कर बाई. रातच्याला भ्या वाटतं, म्हणून मी सांजंपासनं पाणी पीत न्हाई."

आम्ही मान खाली घातली. वीस वर्षे आमच्या फॉर्मवर 'शौचालय आहे / नाही' एवढाच रकाना होता. 'आहे' वर खूण करून आम्ही पुढच्या घरी जात होतो. वाट अंधारी आहे का, हे आम्ही कधी विचारले नाही.

वाचकहो, आपली मुले आता अशा शाखांत जाऊ लागली आहेत. फी भरताना जीव मेटाकुटीला येतो, तरी जाऊ द्या त्यांना, मुलींना तर आधी. उद्या तुमच्याही दारी कोणी पडदा घेऊन येईल. त्याला पाणी द्या, बसवा, आणि उत्तर देण्याआधी आक्कांसारखे विचारा, ह्यात कोण ऐकतंय?

आक्कांच्या वाटेवर दिवा लावण्यासाठी आम्ही वॉर्ड कार्यालयात अर्ज दिला आहे. सोबत मुलीने काढलेला नकाशा जोडला आहे.