बंद दारामागचा दिनक्रम

२२ मार्च २०२०च्या संध्याकाळी पाच वाजता सोसायटीभर थाळ्या वाजल्या आणि माझा स्वमग्न मुलगा कान दाबून पलंगाखाली शिरला. तीन दिवसांनी करोनामुळे देशच बंद झाला. शाळेची व्हॅन नाही, ऑक्युपेशनल थेरपी नाही, बागेतला झोका नाही. ठरलेल्या क्रमावर ज्याचा दिवस उभा, त्याला विषाणू कसा समजावणार? सकाळी दप्तर पाठीला लावून तो दाराशी उभा राहायचा. थेरपी व्हिडिओ कॉलवर आली, म्हणजे थेरपिस्ट आम्हीच झालो. बहुतेक घरांत आईच. (बाबा ‘मीटिंगमध्ये’ असत!) मास्कचा स्पर्श त्याला सोसवत नसे आणि त्याचं मास्कविना असणं शेजाऱ्यांना.

एक मात्र खरं, वर्गातला गोंगाट थांबल्यावर तो कधी नव्हे इतका शांत झोपू लागला. शाळा त्याला किती जड जात होती, याची ती पावतीच.

ब्रिटन सरकारने एप्रिल २०२०मध्येच अशा मुलांना दिवसातून एकाहून अधिक वेळा बाहेर पडायची मुभा दिली. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. तरी मुलाला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायला आम्ही पोलिसांची नजर चुकवत होतो. पुढच्या वेळी नियम लिहिताना आमच्यातल्या एखाद्या आईला आधी विचारा.